जत्रेच्या मांडवात चर्चची खुर्ची

कार्तिक वद्य एकादशीला वसईत निर्मळची जत्रा सुरू होते. विमलेश्वराचं देऊळ, तळं, शंकराचार्यांची समाधी आणि भोवती दुकानांच्या रांगा. त्यांत तांब्यापितळेची भांडी असतात, खेळणी असतात आणि केळीच्या सुक्या पानात बांधलेली आपली सुकेळी असतात. उत्तर वसईतल्या ख्रिस्ती घरांतूनही माणसं या जत्रेला जातात. देवळात जात नसली तरी जत्रेत हिंडतात, खरेदी करतात, ओळखीच्यांकडे चहा घेतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

माणसांचं असं सरळ आहे. अडतं ते चर्चचं. संस्था म्हणून, धर्मग्राम (पॅरिश) म्हणून चर्चनं शेजारच्या कार्यक्रमात कुठवर जावं? मैदान द्यावं का? फादरांनी मंचावर बसावं का? मंडळाच्या वर्गणीची पावती चर्चच्या नावानं फाडावी का? आणि आपल्या सणाला शेजाऱ्यांना बोलवायचं ते कशासाठी?

यावर आमच्या भागातल्या दोघांचं बोलणं खाली दिलं आहे. एक निवृत्त शिक्षक आहेत, वसईची हिरवी पट्टी वाचवण्यासाठी निघालेल्या हरित वसईच्या मोर्च्यांत चाललेले. सगळे त्यांना काका म्हणतात. दुसरी त्यांची पुतणी. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि धर्मग्राम परिषदेची सदस्य आहे. वयावरून अंदाज बांधू नये: रस्त्यावर उतरण्याचा आग्रह काकांचा आहे, जपून जाण्याचा पुतणीचा. निमित्त होतं गावातल्या एका सार्वजनिक उत्सव मंडळाच्या पत्राचं. चर्चचं मैदान गाड्या लावायला मिळावं आणि प्रमुख धर्मगुरूंनी उद्घाटनाला मंचावर यावं, अशा दोन विनंत्या त्यात होत्या. मीही त्या परिषदेत बसतो, म्हणून माझं मत मधेमधे आलं आहे.

काका: मैदान द्यायचं, फादरांनी जायचं. याला बैठक कशाला हवी? आपल्या सणाला गाड्या लावून घ्यायला त्यांचीच पोरं शिट्ट्या घेऊन उभी असतात.

पुतणी: मैदानाला माझी ना नाही, काका. खुर्चीला आहे.

काका: खुर्चीनं काय बिघडवलं?

पुतणी: मध्ये आमदार, एका बाजूला नगरसेवक, दुसऱ्या बाजूला फादर. शाल, नारळ, फोटो. निवडणूक आली की तोच फोटो कोणाच्या तरी पत्रकावर. धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये, असं चर्चच्या कायद्याचं २८७ वं कलम सांगतं. पक्षाच्या फलकाखाली बसलं म्हणजे पक्षात गेलं असं नाही, मान्य. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला हे कोण सांगत बसणार?

काका: बाय, मग हरित वसईच्या लढ्यात दिब्रिटो फादर मंचावर चढलेच नसते तर? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईची हिरवी पट्टी बिल्डरांना मोकळी व्हायला लागली. विहिरींचं पाणी टँकरनं चाललं होतं. गुंडांपुढे तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा झग्यातला माणूस रस्त्यावर आला, म्हणून आमच्यासारखे शाळामास्तर घराबाहेर पडले. माझ्या डावीकडे कोणत्या धर्माचा माणूस चाललाय नि उजवीकडे कोणत्या, हे मी त्या मोर्च्यांत एकदाही बघितलं नाही.

पुतणी: बघायची गरजच नव्हती, पाणी सगळ्यांच्याच विहिरीतलं जात होतं. हरित वसई संरक्षण समिती काही चर्चची समिती नव्हती. दिब्रिटो फादर तिथं मान घ्यायला बसले नाहीत, मार खायची तयारी ठेवून उभे राहिले. तुम्ही दोन वेगळ्या मंचांना एकच समजताय.

काका: आणि उस्मानाबादचा मंच? जानेवारी २०२० चं त्र्याण्णवावं साहित्य संमेलन. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. तरी ते गेले, बसले, बोलले. तो मान होता की नाही? नाकारायला हवा होता?

पुतणी: तो मान मिळाला तोवर 'सुवार्ता' मासिकाचं संपादन करून झालं होतं, पुस्तकं लिहून झाली होती, आंदोलनं लढून झाली होती. मराठी वाचकाला हा माणूस काय करतो ते ठाऊक होतं. आपल्या फादरांना इथं येऊन वर्ष झालंय. या गावात त्यांनी अजून काही केलेलं नाही आणि त्यांचा दोष नाही तो, वेळच मिळालेला नाही. आधी काम होऊ दे.

इथं मला पुतणीचं पटतं. चर्च शेजारधर्मात कुठं चुकतं ते तिनं बरोबर धरलं आहे. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, रक्तदान, तळ्याची सफाई, ग्रामसभा, पोलिओचा डोस या गोष्टींवर कुठल्याही धर्मग्रामात वाद होत नाही, होऊही नये. पंधरा ऑगस्टला तर मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, मिस्सेनंतर चर्चच्या आवारातच झेंडा लागतो. वाद होतो तो दुसऱ्याच्या धार्मिक उत्सवापाशी आल्यावर, आणि तिथं काकांकडे एक मुद्दा होता जो आम्ही सहसा चर्चच्या बैठकीत काढत नाही.

काका: आपण जत्रेला जाताना कुठून आलोय तेही विचारात घे. १५३४ ते १७३९, दोनशे वर्षं इथं पोर्तुगीज होते. त्यांच्या अमदानीत निर्मळची देवळं पाडली गेली. चिमाजीअप्पांनी वसई घेतली, मग ती पुन्हा उभी राहिली. आणि तेव्हा इथून नेलेल्या चर्चच्या घंटा? नाशकात नारोशंकराच्या देवळाला आहे, भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे. पोर्तुगीज निघून गेले. आपण राहिलो, ज्यांच्याशी नांगर धरायचा त्यांच्याच शेजारी. सामवेदी बोली हिंदू बोलतो तीच आपण बोलतो, वाडवळीचंही तेच. एवढं सगळं होऊन गेल्यावर शेजारी आपल्याला मांडवात खुर्ची देतो. ही खुर्ची नाही म्हणून परत करायची? मानाला नाही म्हणायचं नसतं.

पुतणी: हे मी असं कधी बघितलं नव्हतं.

काका: बघ मग.

पुतणी: पण काका, याच कारणासाठी मी म्हणेन की आपण वर बसू नये. जिथं आपल्या नावानं एकेकाळी देऊळ पडलं, तिथं जाताना माणसानं खालच्या आवाजात जावं. फादरांनी आदल्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी जावं, पाणी प्यावं, शुभेच्छा द्याव्यात, मंचाबद्दल मोकळेपणानं सांगावं. उत्सवाच्या दिवशी खाली, माणसांत फिरावं. येऊ नये असं मी म्हणतच नाही. न जाणं तर लगेच दिसतं, आणि ते तुसडेपणा म्हणूनच दिसतं.

काका: आणि प्रसाद हातावर ठेवला तर? आपल्यातलेच काही प्रार्थनासभांत सांगतात, प्रसाद घेणं पाप आहे म्हणून.

पुतणी: सांगतात खरं. पण पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच प्रश्न आहे, मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा. त्याचं उत्तर दोन बाजूंनी आहे. अन्नानं माणूस देवाजवळ जात नाही की दूरही होत नाही. पण तुझ्या खाण्यानं तुझ्या भावाचं मन दुखावत असेल, त्याचा विश्वास डळमळत असेल, तर त्याचा विचार कर. पुढं जाऊन तो मूर्तिपूजेच्या पंगतीत बसण्याविरुद्ध कडक इशाराही देतो. म्हणून सरसकट एक नियम लावता येत नाही. शेजारणीनं घरी आणून दिलेला मोदक मी खाते. आरतीचं ताट माझ्या हातात द्यायला लागली तर हात जोडून नको म्हणते, आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या मिस्सेला आली की तीही परमप्रसादाच्या रांगेत उभी राहत नाही.

काका: चांगली शेजारीण आहे.

पुतणी: मिस्सा ही मिस्सा आहे, आरती ही आरती आहे. दोन्हींची सरमिसळ करून जे होतं त्यात दोघांचाही मान राहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ ला इतर धर्मांविषयीचं पत्रक काढलं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं त्यात आहे. त्याच पत्रकात ख्रिस्ताची साक्ष सोडू नका असंही आहे. आपण अर्धंच वाचतो. कोणी पहिलं अर्धं, कोणी दुसरं.

काका: गोव्यात म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू येऊन तेल वाहतात. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी, अशी लोकांची श्रद्धा. वांद्र्याच्या मोतमावलीला सप्टेंबरात कोण येत नाही? माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला १९४८ पासून सगळ्या धर्मांची रांग लागते. तिथं तर कोणी सरमिसळ झाली म्हणून ओरडत नाही.

पुतणी: कारण तिथं लोक आपणहून येतात, आपापल्या मनातलं घेऊन. चर्च फक्त दार उघडं ठेवतं. मला तेच हवंय. दार उघडं ठेवणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला सहभाग आहे. आपण मात्र आजकाल कार्यक्रम आखायला लागलोय, 'आंतरधर्मीय' नाव देऊन. चार धर्मांची चार माणसं, चार मेणबत्त्या, आणि संपल्यावर चौघं चार गाड्यांतून घरी.

काकांनी पुढं जे काढलं ते मला या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाचं वाटलं. पुतणीनंही त्यावर लगेच उत्तर दिलं नाही, बराच वेळ विचार केला.

काका: शुभवर्तमानात बघ. येशू लग्नाला जातो ते पाहुणा म्हणून. जकातदाराच्या घरी जेवतो ते पाहुणा म्हणून. परुश्याच्या घरी, मार्थेच्या घरी, सगळीकडे पाहुणाच. शेवटचं भोजन दिलं तेही दुसऱ्याच्या माडीवर. चर्चला पाहुणा व्हायचं विसरायला झालंय. आपण शाळेचे मालक, मैदानाचे मालक, दवाखान्याचे मालक, कायम यजमान. दुसऱ्याच्या मांडवात गेलं की आपल्याला काय करावं तेच कळत नाही, म्हणून खुर्ची लागते.

पुतणी: पण पाच हजारांना जेवायला त्यानंच घातलं. तिथं तो यजमान होता.

काका: भाकरी आणि मासे एका पोराचे होते, योहानाच्या शुभवर्तमानात. त्यानं ते दुसऱ्याकडून घेतले. आपल्याजवळ आहे तेवढ्यानं भागणार नाही हे शिष्यांनी आधी कबूल केलं.

पुतणी: म्हणजे तुमचंच म्हणणं आता खुर्चीच्या विरुद्ध गेलं, काका.

काका: खुर्चीच्या विरुद्ध गेलं असेल. जाण्याच्या विरुद्ध गेलं नाही.

पाहुणा होण्याचा हा विचार मला नुसता सुंदर वाटत नाही, तो कामाचाही आहे. पाहुण्याला यजमानाच्या घरात काय कमी पडतंय ते दिसतं, आणि जवळचा असेल तर तो न विचारता हात लावतो. पुतणीला हे शब्दांत सांगावं लागलं नाही. तिनं उत्सवाचं उदाहरण दिलं, रुग्णालयातल्या माणसाला दिसतं तसं.

पुतणी: मोठ्या उत्सवाच्या दिवसांत माझ्याकडे बायका येतात. चक्कर, डोकेदुखी, लघवीला जळजळ. विचारलं तर सकाळपासून पाणी प्यायलेलं नसतं. का? प्यायलं तर जायला जागा नाही. उत्सवात दुकानं शंभर असतात, बाईला आडोसा एक नसतो. आपल्या चर्चच्या शाळेत मुलींची स्वच्छतागृहं आहेत, नळाला पाणी आहे, बाहेर दिवा आहे. उत्सवाच्या रात्री फाटकाला कुलूप असतं. मंडळानं मैदान मागितलं, हे मागितलं नाही, कारण हे मागायला पुरुषांच्या लक्षात येत नाही. आपण होऊन द्यायचं. फाटकापाशी आपल्या महिला मंडळाच्या दोघी बसतील, झाडणारीला त्या दिवसाचे जादा पैसे देऊ. फलक लावायचा तो एवढाच: महिलांसाठी स्वच्छतागृह, बाण.

काका: चर्चचं नाव?

पुतणी: कशाला? शाळेवर क्रूस आहे, दिसतो. पिण्याच्या पाण्याचं पिंप, हरवलेल्या मुलांना बसवायला एक वर्ग, आणि एक प्रथमोपचाराची खोली. एवढं केलं तर आपण उत्सवात आहोत.

काका: प्रथमोपचाराच्या खोलीत कोणी प्रार्थना कर म्हणालं तर?

पुतणी: तिथं नाही करायची.

काका: माणूस घाबरलेला असतो, देवाचं नाव मागतो, आणि तू नाही म्हणणार?

पुतणी: तिथं मी परिचारिका आहे. औषध देईन, हात धरीन, घरी फोन लावीन. प्रार्थना हवी असेल तर चर्च उघडं आहे, उद्या या, फादर असतील, असं सांगीन. दुखणाईत माणसाचं दुखणं हा आपला मोका नाही. पत्रकं नाहीत, पदकं नाहीत, तेलाच्या बाटल्या नाहीत. हे मी भीतीपोटी म्हणत नाही असं नाही. घटनेचं २५ वं कलम धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. पण १९७७ च्या स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. अनेक राज्यांत धर्मांतराचे कडक कायदे आहेत. कोणीतरी मोबाईलवर तीस सेकंदांचं चित्रण करतो आणि पाण्याच्या पिंपाचं प्रकरण होतं. तरी भीती हे खरं कारण नाही. खरं कारण हे की शेजाऱ्याला मदत करताना मनात दुसरा हिशेब असेल तर ती मदत राहत नाही.

काका: हे मात्र मला पूर्ण मान्य नाही. मनात देव असणं म्हणजे हिशेब नव्हे. नारायण वामन टिळकांनी १९१७ ला साताऱ्यात देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ते कीर्तन करत, भजनं लिहीत, आपण ख्रिस्ती आहोत हे कधी लपवत नव्हते. तू म्हणतेस तसं सगळं झाकून ठेवलं तर चर्च म्हणजे नुसती पालिकेची मदत छावणी होईल.

पुतणी: झाकायचं नाही, विकायचं नाही. टिळक स्वतःच्या दरबारात बोलावून बोलत होते. आपण दुसऱ्याच्या मांडवात आहोत.

यावर दोघांचं एकमत झालं नाही, आणि मलाही तसं घडवून आणावंसं वाटत नाही. काकांची तक्रार खरी आहे: आपली ओळख लपवणारा शेजारी कालांतरानं अनोळखी होतो. तरीही प्रथमोपचाराच्या खोलीबाबत मी पुतणीच्या बाजूचा आहे. खाटेवर आडवा असलेला माणूस उठून निघून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यापुढं बोलताना जास्त संयम लागतो.

पैशाचा विषय दोघांनी लवकर उरकला. काकांना वाटत होतं चर्चच्या नावानं पाच हजारांची पावती फाडली की शेजारधर्म झाला. पुतणीनं त्यांना आठवण करून दिली की आपली चर्चं सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदलेली आहेत, आणि न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्देशांवरच खर्च करावा लागतो. मिस्सेत लोकांनी पेटीत टाकलेलं दान दुसऱ्या उत्सवाच्या रोषणाईला देता येत नाही. ज्याला द्यायचंय त्यानं आपल्या खिशातून, आपल्या नावानं द्यावं. काकांनी तेव्हापासून तसंच करायचं ठरवलं आहे.

मग गाडी आपल्या सणांकडे वळली. चर्च दुसऱ्याच्या कार्यक्रमात कसं जातं यापेक्षा आपल्या कार्यक्रमाचा शेजाऱ्याला त्रास होतो का, यावरून त्याची किंमत ठरते असं मला वाटतं.

काका: २०२४ आठव. गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला, आपल्या नोव्हेनाचा शेवटचा दिवस. ८ तारखेला मारियेचा जन्मसण, त्यात रविवार, आणि त्याच दिवशी दीड दिवसाचे गणपती निघायचे. एकाच रस्त्यानं मारियेची मिरवणूक आणि विसर्जन. काय झालं? काही नाही झालं. आपल्या आळीतले दोघं आणि त्यांच्या आळीतले दोघं नाक्यावर उभे राहिले. आपण मिरवणूक लवकर आटपायची, त्यांनी चर्चपुढून जाताना ताशा थांबवायचा. ना पत्र, ना मंच.

पुतणी: आणि त्या दिवसांत आपल्या वाड्यांतली जास्वंद नि सोनचाफा पहाटेच काढून दादरला जातात, गणपतीलाच. ती फुलं खुडणारे हात आदल्या संध्याकाळी नोव्हेनाला जोडलेले असतात.

काका: मग सांग, चर्चनं वेगळं काय करायचं राहिलं?

पुतणी: नाताळचं बघा. आपल्या आळीआळीत गव्हाणीचे देखावे असतात, लोक लांबून बघायला येतात. ध्वनिक्षेपक कोणाच्या खिडकीकडे तोंड करून लावलाय हे कोणी विचारलंय? उघड्यावरची मध्यरात्रीची मिस्सा रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याच्या नियमामुळे अलीकडे आणली, तेव्हा आपले किती लोक चिडले होते! शेजारच्या इमारतीतला आजारी म्हातारा मात्र त्या नियमामुळे झोपला. कायद्याच्या आधी आपल्याला तो म्हातारा आठवायला हवा होता.

काका: शेजारच्या इमारतीत कोण राहतं हेच मला माहीत नाही.

पुतणी: तेच तर.

इथं दोघंही थोडा वेळ गप्प झाले. काकांच्या शेजाऱ्यांत एकमेकांच्या मळणीला, मयताला, लग्नाला जाणारी हिंदू कुटुंबं आहेत, आणि तिथं चर्चनं नवं काही शिकवायची गरज नाही. पण २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. कोकणातून, उत्तर प्रदेशातून, बंगालमधून, केरळमधून आलेली माणसं नव्या इमारतींत राहतात. त्यांना आपलं चर्च म्हणजे रिक्षावाल्याला सांगायची खूण. आपल्यालाही त्यांची इमारत तेवढीच. त्यांच्या उत्सवाशी आपला जत्रेसारखा पिढ्यानपिढ्यांचा संबंध नाही, त्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आपल्या शाळेत शिकलेला नाही.

पुतणी: पहिल्यांदा बाळंत झालेली मुलगी असते तिसऱ्या मजल्यावर, माहेर गोरखपूरला. बाळाला अंगावर पाजता येत नाही म्हणून रडत रुग्णालयात येते. तिच्या इमारतीच्या खाली आपल्या आळीचा समूह दर आठवड्याला रोझरी म्हणतो. वर कोणी गेलं नाही. तिच्या सोसायटीत हळदीकुंकू असतं तेव्हा आपल्या बायकांना बोलावणं नसतं, कारण ओळख नाही. आधी ओळख, मग आमंत्रण, मग जायचं की नाही हा प्रश्न.

काका: ही ओळख कोणी करायची? फादरांनी?

पुतणी: फादरांची काही वर्षांनी बदली होते. त्यांनी केलेल्या ओळखी त्यांच्या सामानाबरोबर जातात. तुम्ही कुठं जाणार आहात?

काका: मी आता दफनभूमीतच.

पुतणी: तोवर तुम्ही करा. पण एक आहे, काका. मी आधी म्हणत होते की प्रापंचिकांनी जावं, चर्चचं नाव कशाला. ते अर्धंच होतं. शाळेचं फाटक मी उघडू शकत नाही, त्याला फादरांची सही लागते. धर्मग्राम परिषद सल्लागार असते, निर्णय त्यांचा. मैदान, सभागृह, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, हे सगळं संस्थेकडे आहे. तेवढ्यापुरतं चर्चनं संस्था म्हणूनच उतरायला हवं.

काका: आणि फादरांनी मंचावर?

पुतणी: या वर्षी नको. दोन वर्षं फाटक उघडं राहू दे. मग ते बोलावतील तेव्हा कशासाठी बोलावतायत हे त्यांनाही ठाऊक असेल.

काका: मानाला नाही म्हणायचं नसतं, बाय.

पुतणी: म्हणून तुम्हाला पाठवणार आहे आदल्या दिवशी फादरांबरोबर. तुम्ही सांगा त्यांना नीट.

मी परिषदेत याच बाजूनं मत देणार आहे. मैदान द्यावं, पण चर्चच्या दारापुढची जागा सोडून, कारण पवित्र स्थळी उपासनेला बाधक काही होऊ नये असं चर्चचा कायदाही सांगतो आणि रुग्णवाहिकेलाही ती वाट लागते. शाळेची स्वच्छतागृहं उत्सवाच्या सगळ्या रात्री उघडी ठेवावीत. वर्गणी ज्याची त्यानं द्यावी. पक्षाच्या फलकाखाली कोणी बसू नये, धर्मगुरू तर नाहीच. खुर्ची आदल्या दिवशी घरी जाऊन, सन्मानानं परत करावी.

वसईतल्या आणि वसईबाहेरच्या धर्मग्राम परिषदांना माझी विनंती आहे: पुढच्या बैठकीत गव्हाणीच्या देखाव्याचा विषय घेण्याआधी प्रत्येक आळीतून एक माणूस नेमा. त्याच्याकडे एकच काम द्या. आपल्या आळीलगतच्या इमारतींत कोण राहतं, तिथं म्हातारं कोण, आजारी कोण, बाळंतीण कोण, त्यांचे सण कोणते, आणि आपल्या ध्वनिक्षेपकाचा त्रास कोणाला होतो, हे त्यानं घरोघर जाऊन विचारून यावं. नाताळच्या आत हे होण्यासारखं आहे.